कोल्हापूर ते नांदेड : ४२५ किलोमीटर, पण मिनिटं किती?

विमानप्रवासाच्या वेळेचा हिशेब बरेच जण असा करतात : सरळ अंतर काढा, ताशी ८३० किलोमीटरने भागा. कोल्हापूर ते नांदेड या हिशेबाने अर्ध्या तासात येतं. हे उत्तर चूक आहे. दादर-ठाणे अंतर फास्टला आणि स्लोला तेच असतं, वेळ मात्र तोच नसतो, हे मुंबईकराला सांगायला नको.

आधी अंतर. यासाठी आकडेमोडीचं यंत्रही लागत नाही. कोल्हापूर विमानतळ १६.६६ अंश उत्तर, ७४.२९ अंश पूर्व, नांदेडचा १९.१८ आणि ७७.३२. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा २.५२ अंशांचे २८० किलोमीटर झाले. रेखांशाचं तसं नाही. रेखांश ध्रुवांकडे एकमेकांजवळ सरकत जातात, म्हणून १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश १७.९२, त्याचा कोसाइन ०.९५१, एक अंश उरतो १०५.६ किलोमीटरचा. ३.०३ अंशांचे ३२० किलोमीटर. आता पायथागोरस : २८० चा वर्ग अधिक ३२० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४२५. पृथ्वीची वक्रता एवढ्या छोट्या अंतरात जवळजवळ जाणवत नाही. कोसाइन विसरलात तर मात्र बारा किलोमीटर उगाच वाढतात.

वैमानिक हेच सागरी मैलांत मोजतात. अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. आपले झाले २२९.

आता वेग. ताशी ८३० हा जेटचा उंचावरचा वेग. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात हा वैमानिकांचा ठोकताळा. ३५ हजार फुटांवरून १०५ मैल, म्हणजे १९४ किलोमीटर. चढायलाही साधारण तितकेच. मग ४२५ मध्ये सरळ उडायला उरलं काय? म्हणून अशा मार्गांना पंख्यांचं एटीआर ७२ योग्य. त्याचा कमाल वेग २७५ नॉट (तासाला तितके सागरी मैल), म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. २२९ भागिले २७५ : पन्नास मिनिटं. चढताना वेग कमी असतो, त्याची चारेक मिनिटं वर.

यात धावपट्टी भर घालते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, नांदेडची १०/२८ (हे आकडे तिच्या दोन दिशांचे, उत्तरेपासून मोजलेल्या अंशांचे, शेवटचं शून्य गाळून). वारा पश्चिमेचा असेल तर विमान वाऱ्याकडे तोंड करून नैऋत्येला सुटतं आणि वळून ईशान्येचा रस्ता धरतं. नांदेडलाही पूर्वेकडून वळसा घालून उतरावं लागतं. या दोन वळशांत आणि शेवटच्या संथ टप्प्यात सहा-सात मिनिटं जातात. दोन्हीकडचं जमिनीवरचं चालणं दहा मिनिटं धरा. एकूण सत्तर.

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोचतं’ हे विधान व्हॉट्सअ‍ॅपवर छातीठोकपणे फिरतं. ते साफ खोटं आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याने. २० नॉटचा पश्चिमी वारा या मार्गावर जाताना १५ नॉट ढकलतो, येताना तेवढेच अडवतो : वरच्या पन्नास मिनिटांची होतात जाताना ४७ आणि येताना ५३.

मुंबई-कोल्हापूर सरळ रेषेत ३१० किलोमीटरच आहे. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरता येते एकच. रांगेतली मिनिटंही वेळापत्रकात धरावी लागतात.