ठिणगी पुढे की मागे? इग्निशन टायमिंगची पार्श्वभूमी

मे महिन्यात गाडीत पाच माणसं बसवून रामटेकचा गड चढायला लागा. टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी टाकायची वेळ, चुकलं असेल तर तिथे लगेच कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीचं तसंच झालं. कॉम्प्रेशन (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) वाढावं म्हणून मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून घेतलं होतं, टायमिंग मात्र पुस्तकातलंच ठेवलं. नागपुरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आवाज ऐकूनच सांगितलं, “भाऊ, पुस्तक कंपनीच्या इंजिनाचं आहे. हे इंजिन आता तुमचं झालं. टायमिंग मागे घ्या, नाही तं पिस्टन जाईन.”

त्यांच्या बोलण्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर, साधारण 15 अंशांवर मिळतो. 900 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात जेमतेम साडेपाच अंश फिरतो, 3000 ला 18 अंश. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. ही ‘आधी’ किती, हे कोणी ठरवायचं, यातच सगळी गोष्ट आहे.

सुरुवातीला ते चालवणारा ठरवायचा. 1902 मध्ये बॉशच्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) तयार केला आणि ठिणगी भरवशाची झाली. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा असे. हँडल मारताना तो मागे घ्यायचा, गाडी पळू लागली की पुढे करायचा. मागे घ्यायला विसरलं तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं.

चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची (उघडले की ठिणगी पडते असे विजेचे संपर्क) रचना दिली. पुढे दांड्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) दोन वजनांनी आणि स्प्रिंगांनी घेतलं: वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, ठिणगी आपोआप पुढे सरकते. 1930 च्या दशकात व्हॅक्यूमची डबी जोडली गेली आणि इंजिनावरच्या भाराचाही हिशेब होऊ लागला. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनापर्यंत हीच पद्धत चालत आली. टेस्ट लॅम्प कॉइल आणि बॉडीमध्ये लावायचा, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर हळू फिरवायचा, बल्ब पेटला की पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळायचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हाताने एक अंश हलवला की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. हे विसरून मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे.

नॉकिंगची, म्हणजे त्या खिळ्यांसारख्या खडखडीची, कथा याच केटरिंगशी जोडलेली आहे. त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये पेट्रोलात शिशाचं संयुग मिसळून खडखड थांबवली. त्या सोयीची किंमत जगभरच्या मुलांनी रक्तात शिसं साचवून मोजली. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 मध्ये पूर्ण बंद झालं, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं.

त्याच सुमारास डिस्ट्रिब्युटरचेही दिवस भरले. बॉशच्या मोट्रॉनिकने 1979 मध्येच इंधन आणि ठिणगी एका संगणकाकडे दिली होती; आपल्याकडे मारुती 800 एमपीएफआय (संगणकाने इंधन फवारणारी) झाली तेव्हा गल्लीतल्या मिस्त्रींना ते दिसलं. नॉक सेन्सर असलेली गाडी खडखड ऐकून ठिणगी स्वतः मागे घेते.

मॉडिफाय केलेल्या जुन्या इंजिनाला असा कान नाही. हेड घासलं की मिश्रण दाटतं, लवकर जळतं, ठिणगी कमी पुढे हवी. उलट जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅम टाकला की कमी वेगाला सिलिंडर नीट भरत नाही, तिथे जास्त ॲडव्हान्स लागतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी हवी. म्हणून नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून भागत नाही: खालचं टायमिंग वाढवलं की वरचंही तेवढंच वाढतं. वजनांचा पल्ला कमी करावा लागतो, स्प्रिंग बदलाव्या लागतात. त्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघायचं. सगळे प्लग काढायचे, एक नंबरच्या भोकात बोल्ट बसवलेला पोकळ प्लग लावायचा, इंजिन हाताने हलकेच दोन्ही दिशांना फिरवायचं. पिस्टन जिथे जिथे अडेल तिथे खडूची रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याची जागा.

आमच्या पद्मिनीत ती मधली जागा जुन्या खुणेपासून चार अंश दूर निघाली. आता पुलीवर पांढऱ्या रंगाच्या दोन नव्या खुणा आहेत. डिसेंबरात पहिलीवर लावतो. पारा 45 कडे जायला लागला, आत येणारी हवाच तापलेली असली, की दोन अंश मागच्या दुसरीवर. रामटेक चढताना आता फक्त गिअरचा आवाज येतो.