पार्श्वभूमी : कलम ७९ आणि ‘माहीत असणे’

मजकूर लिहिणारा जबाबदार, यावर कधीच दुमत नव्हते. पंचवीस वर्षे वाद चालला आहे तो ज्याच्या जागेवर तो लिहिला गेला त्याच्याबद्दल. संकेतस्थळाचा चालक, प्रतिसाद तपासणारा संपादक, समूहाचा ॲडमिन. आणि हा सगळा पेच फिरतो एका प्रश्नाभोवती: हा मजकूर आपल्याकडे आहे हे चालकाला माहीत होते, असे केव्हा म्हणायचे?

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत १९९१ आणि १९९५ साली दोन न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले. काहीच न तपासणारी सेवा पुस्तकविक्रेत्यासारखी ठरून सुटली. सभ्यतेचे नियम करून आक्षेपार्ह लिखाण काढणारी सेवा मात्र प्रकाशक ठरून अडकली. तिथल्या १९९६च्या कायद्याने ही उलटी गत सुधारली, पण ‘हात लावला की आपण अडकलो’ ही संपादकांची धास्ती जगभर टिकून राहिली.

आपल्याकडे दुसऱ्याच्या लिखाणासाठी चालकाला संरक्षण देते ते कलम ७९. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले त्याचे मूळ रूप अगदीच तोकडे होते. संरक्षण फक्त त्याच कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरते, आणि ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी दक्षता घेतली होती’ हे सिद्ध करायचे चालकानेच. डिसेंबर २००४मध्ये एका लिलाव संकेतस्थळाच्या प्रमुखाला अटक झाली. कोणा विक्रेत्याने अश्लील क्लिप विकायला ठेवली होती आणि ती जाहिरात अटकेपूर्वीच काढलेली होती. त्या प्रकरणानंतर कायदा बदलण्याची मागणी जोर धरू लागली. सुधारित कलम २७ ऑक्टोबर २००९ रोजी लागू झाले. त्याआधीच्या लिखाणाला मात्र त्याची सावली मिळत नाही. दंड संहितेतल्या बदनामीच्या गुन्ह्यापासून जुने कलम वाचवत नव्हते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केले.

नव्या कलमातली कळीची अट अशी: बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर, किंवा सरकारी यंत्रणेने कळवल्यावर, चालकाने तो तातडीने हटवला नाही तर संरक्षण जाते. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे काय, हे कलमात कुठेच सांगितलेले नाही. ती जागा एप्रिल २०११च्या नियमांनी भरली. बाधित व्यक्तीने सहीच्या पत्राने किंवा इलेक्ट्रॉनिक सहीच्या ईमेलने कळवले, की माहिती मिळाली. पुढे ३६ तासांत कारवाई. आक्षेपार्ह मजकुराच्या यादीत अश्लील आणि बदनामीकारक यांच्या जोडीला ‘अवमानकारक’, ‘ईशनिंदात्मक’ असे कितीही ताणता येणारे शब्द होते. ज्याचे लिखाण उडणार त्याला विचारण्याची तरतूद नव्हती, उडालेले परत आणण्याचीही नव्हती. फावल्या वेळात संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसाने मग काय करावे? पत्र आले की धागा, म्हणजे ती सगळी चर्चा, उडवायचा, दुसरा सुरक्षित मार्ग त्याच्यापुढे नव्हताच. ३६ तास फक्त दखल घेण्यासाठी आणि निवारणासाठी महिना, असा खुलासा सरकारने २०१३मध्ये केला. तोवर दोन वर्षे गेली होती.

२४ मार्च २०१५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या लक्षात आहे तो ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेशांना गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द झाल्यामुळे. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेली अटक त्या खटल्यामागे होती. पण संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी त्याच निकालातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. लाखो तक्रारींतली कोणती रास्त हे चालकाने ठरवावे, ही अपेक्षा न्यायालयाला मान्य झाली नाही. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, असा अर्थ लावला गेला.

यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. संपादकाने एखादी गलिच्छ बदनामी स्वतः वाचलेली असेल, तिच्याखाली उत्तरही लिहिलेले असेल, तरी आदेश हातात पडेपर्यंत कायद्याच्या लेखी त्याला ती ‘माहीत’ नाही. माझ्या मते निकाल योग्यच होता. एका पत्रावर कोणाचेही लिखाण उडणे हे जास्त घातक. पण त्याची किंमत ज्याची नालस्ती झाली त्याने मोजली, हेही तितकेच खरे. टोपणनावामागे लपलेल्या आयडीविरुद्ध न्यायालयात जायचे, वकील लावायचा, तारखा झेलायच्या, आणि तोवर तो मजकूर तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी या पोकळीत तक्रार अधिकारी आणला. तेव्हाच्या मुदती अशा होत्या: २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल, आणि तक्रारदाराचीच नग्न किंवा लैंगिक चित्रे असतील तर २४ तासांत हटवणे. असे चित्र ओळखायला न्यायाधीश लागत नाही, म्हणून ही शेवटची तरतूद मला बिनतोड वाटते. त्याच नियमांत एक छोटे परंतुकही आहे: चालकाने आपणहून मजकूर काढला तर त्याने संरक्षण जाणार नाही. १९९५ची धास्ती आपल्याकडे लेखी फिटली ती इथे. मात्र हे काढण्याबद्दल आहे, सदस्याच्या वाक्यातले शब्द बदलण्याबद्दल नाही. मजकुरात फेरफार न करणे ही कलमाची अट कायम आहे.

मार्च २०२१मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सॲप समूहाच्या ॲडमिनला मोकळे केले. सदस्य काय लिहिणार हे तो आधी अडवू शकत नाही, त्यामुळे समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्याच्या लिखाणाचा दोष त्याच्यावर येत नाही.

ऑक्टोबर २०२२च्या दुरुस्तीने ‘बदनामीकारक’ हा शब्द आक्षेपार्ह मजकुराच्या यादीतून वगळला. पण सदस्यांना फक्त नियम कळवण्याऐवजी, त्यांनी असा मजकूर टाकू नये यासाठी ‘वाजवी प्रयत्न’ करण्याचे काम चालकावर आले, आणि तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर सरकारनियुक्त अपील समित्या बसल्या. २०१५च्या व्याख्येतला ‘सरकारची अधिसूचना’ हा भाग तर आता फुगत चालला आहे. २०२४पासून सरकारी पोर्टलवरून याच कलमाखाली हटवण्याच्या सूचना जातात, आणि त्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली.

या नियमांतली ५० लाख नोंदणीकृत सदस्यांची मर्यादा आहे ती फक्त मोठ्या सेवांवर पडणाऱ्या, अनुपालन अधिकारी (नियम पाळले जातात हे पाहणारा) नेमण्यासारख्या जादा कामांसाठी. तक्रार अधिकारी नेमणे, त्याचे नाव व संपर्काचा तपशील जाहीर करणे आणि मुदतीत उत्तर देणे हे तीन मित्रांनी पदरमोड करून चालवलेल्या संकेतस्थळालाही चुकलेले नाही.