कुर्दांचं ‘नाव’ आणि कुर्दांचा ‘झावा’

तुर्कस्तानातला कुर्द माणूस नावाला ‘नाव’च म्हणतो आणि जावयाला ‘झावा’ (झ ‘झाड’मधला). ‘नामन्’मधल्या ‘म’चा आपल्याकडे ‘व’ झाला, तसाच तो कुर्दीतही झाला, पण स्वतंत्रपणे. फारसीत ‘नाम’ तसंच राहिलं.

कुर्दांचं मूळ शोधायचं तर जावई जास्त कामाचा. फारसीत तो ‘दामाद’. फारसीच्या ‘द’च्या जागी ‘झ’ येणं ही इराणी भाषांच्या वायव्य शाखेची खूण; फारसी नैऋत्य शाखेतली. म्हणजे कुर्दी ही फारसीची बोली नव्हे, चुलत बहीण.

आता वायव्य इराणी म्हटलं की पहिले आठवतात ते मीड, म्हणजे प्राचीन इराणमधले एक लोक. हमदान ही त्यांची राजधानी, इ.स.पू. ६१२मध्ये बॅबिलोनियनांसह त्यांनी असीरियन साम्राज्याची राजधानी निनेव्हे पाडली. अनेक कुर्द स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. कुर्दांची कालगणनाही इ.स.पू. ७०० पासून धरलेली आहे. अडचण एवढीच, की मीडांचा एकही शिलालेख सापडलेला नाही. उरलेत ते जुन्या फारसीत शिरलेले काही शब्द आणि विशेषनामं. १९६१मध्ये भाषाशास्त्रज्ञ डी. एन. मॅकेन्झी यांनी दाखवून दिलं, की तेवढ्यावरून कुर्दीला मीड भाषेची लेक ठरवता येत नाही.

ग्रीक सेनानी झेनोफनला इ.स.पू. ४०१मध्ये आज कुर्द राहतात त्या डोंगरांत ‘कार्दुखी’ नावाच्या लढवय्यांनी सळो की पळो केलं होतं. नाव कुर्दांशी जुळतं खरं, पण उच्चारबदलांच्या नियमांत ते बसत नाही, असं बहुतेक भाषातज्ज्ञ म्हणतात. मला हा पुरावा कायम मोहात पाडणारा आणि म्हणूनच संशयास्पद वाटत आला आहे. इस्लामपूर्व इराणच्या सासानी काळातल्या पहलवी (जुन्या वळणाच्या फारसी) ग्रंथांत ‘कुर्द’ शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ अनेकदा तंबूत राहणारा मेंढपाळ असा लागतो. आपल्याकडच्या ‘धनगर’सारखंच, काम आणि जमात एकाच शब्दात.

मग रक्ताचं काय? जनुकीयदृष्ट्या आजचे कुर्द शेजारच्या इराणी, आर्मेनियन लोकांच्या बरेच जवळ आहेत. पश्चिम इराणच्या झाग्रोस पर्वतातल्या पहिल्या पशुपालकांचा अंशही त्यांच्यात आहे. कुर्दबहुल कर्मानशाह प्रांतातल्या गंज दरेह इथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसं शेळ्या पाळत होती. त्यांच्या हाडांतला डीएनए २०१६मध्ये वाचला गेला. इराणी भाषा मात्र मध्य आशियाकडून आल्या, आणि असीरियन लेखांत मीडांचा पहिला उल्लेख सापडतो तो इ.स.पू. नवव्या शतकात. तोवर त्या डोंगरांत शेळ्या राखायला लागून सुमारे ७,००० वर्षं उलटली होती. ते गुराखी जावयाला काय म्हणत, हे काही हाडं सांगत नाहीत.