जाळीनं नाही, कचऱ्यानं तापते गाडी

“समोर जाळी ठोकली का हवा अडते, इंजिन उकळतं,” हे आमच्या यवतमाळकडे गॅरेजागणिक ऐकू येतं. अर्धंच खरं. पोर्शे बॉक्स्टर या स्पोर्ट्स कारचंच बघा: इंजिन मधोमध, पण त्याचं पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या कोपऱ्यांत, हवेच्या तोंडांमागे. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या नळ्या. उघड्या तोंडातून पाला, कापसाचे पुंजके, गिट्टी आत शिरते. ओला कचरा साचून कंडेन्सर गंजतो. १ मिमी तारेची, ५ मिमी भोकांची जाळी जवळपास ७० टक्के जागा मोकळी ठेवते. खिडकीची मच्छरजाळी मात्र नकोच: वेचणीच्या दिवसांत तिच्यावर कापसाची गादीच भरते! जाळी कंडेन्सरला टेकवू नका, घासून भोक पडतं. आणि मे महिन्यात ४५ अंशांत इंजिनाच्या तापमानाचा काटा चढलाच, तर जाळी झटका, मग पंखा अन् कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बघा.