पंखा का ओरडतो? ब्राउझरमधील वाचन-सोय आणि आवाजांच्या यादीची पार्श्वभूमी

ब्राउझरने पान मोठ्याने वाचून दाखवावे, ही सोय आता नवी राहिलेली नाही आणि तिच्याविषयीची तक्रारही नवी नाही. वाचन सुरू करताच, किंवा कधीकधी त्याआधीच, प्रोसेसरचा वापर वाढतो, यंत्र तापते आणि पंखा जोरात फिरू लागतो. इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी गेल्या मे महिन्यात हीच तक्रार सांगितली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका मराठी मासिकाचे लेख त्या वाचण्याऐवजी ऐकू लागल्या होत्या. ‘‘अरे, मी अजून ‘ऐका’चं बटण दाबलंही नाही आणि हा आपला घरघरतोय. दुसरं पान उघडलं की गप्प बसतो, परत आलं की पुन्हा सुरू,’’ असे त्या म्हणाल्या. सगळे निदान या दोन वाक्यांत होते. मात्र ते उलगडण्यासाठी ब्राउझरांनी आवाजाची जबाबदारी कोणावर टाकली, तो इतिहास पाहावा लागतो.

यंत्राच्या तोंडून बोली काढण्याचे प्रयत्न अठराव्या शतकापासून झाले आणि १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर बोलणारे यंत्र लोकांनी ऐकले, एवढे येथे पुरे. प्रोसेसरच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, जुन्या पद्धतीची वाचा अतिशय स्वस्त होती. घशातील आणि तोंडातील नादाचे गणिती सूत्र मांडून त्यातून ध्वनी काढणारे ईस्पीकसारखे प्रोग्राम काही एमबींत मावतात, अनेक भाषा बोलतात, त्यांत मराठीही आहे, आणि जुन्यातला जुना संगणकही त्यांच्यामुळे दमत नाही. आवाज अर्थातच डब्यातून आल्यासारखा लागतो. उलट २०१६मध्ये पुढे आलेल्या न्यूरल पद्धतीत, म्हणजे खऱ्या बोलण्यावरून शिकलेल्या संगणकीय जाळ्याच्या पद्धतीत, ध्वनीचे सेकंदाला १६ हजार नमुने एकामागून एक काढले जात, आणि पहिल्या रूपात एका सेकंदाचे बोलणे तयार व्हायला एका सेकंदापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे. वर्षभरात ही पद्धत हजारपट वेगवान झाल्याचे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. तरीही सामान्य वापरकर्त्याच्या मनात ‘चांगला आवाज म्हणजे जड काम’ हे समीकरण बसले ते बसलेच. प्रत्यक्षात पंखा फिरण्याचे कारण बहुतेक वेळा बोलणे नसते, तर बोलण्याच्या आसपासची हमाली असते.

ही हमाली कोठून आली, ते २०१२ सालात सापडते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वेबपानांना बोलण्या-ऐकण्याची सोय देणाऱ्या मसुद्याचा अंतिम अहवाल निघाला. क्रोमने २०१४च्या सुरुवातीला आपल्या ३३व्या आवृत्तीत त्यातील बोलण्याचा भाग आणला. फायरफॉक्सने २०१६मध्ये, ४९व्या आवृत्तीत, तो सर्वांसाठी खुला केला आणि त्याच आवृत्तीत वाचन-दृश्यातून, म्हणजे पानातला फक्त लेख दाखवणाऱ्या रूपातून, पान वाचून दाखवण्याची स्वतःची सोयही दिली. मसुद्यातला कळीचा निर्णय असा होता की, ब्राउझरने स्वतःचा आवाज बाळगण्याचे बंधन नाही. संगणकावर किंवा दूरच्या सर्व्हरवर जे आवाज असतील त्यांची यादी पानापुढे ठेवायची आणि पानाने त्यातून निवड करायची. कागदावर हे उदार दिसते. विंडोजवाल्याने विंडोजचे आवाज वापरावेत, मॅकवाल्याने मॅकचे, लिनक्सवर जो काही बोलका प्रोग्राम बसवला असेल तो वापरावा, असा त्यामागचा हिशेब.

अडचण ‘यादी’ या शब्दातच आहे. पान ज्या क्षणी यादी मागते त्या क्षणी ती तयार असतेच असे नाही. पुष्कळ वेळा पहिल्या मागणीला रिकामी यादी मिळते आणि आवाज मागाहून येतात. ते आले की पानाला तशी सूचना देण्याची तरतूद आहे. पण ती सर्व ब्राउझरांत एकसारखी पाळली गेली नाही. म्हणून पाने लिहिणाऱ्यांनी सोपी वाट धरली: ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यादी मागत राहायचे, हवा तो आवाज मिळाला की थांबायचे. इंग्रजीसाठी ही युक्ती निर्धोक होती, कारण इंग्रजी आवाज बहुतेक प्रत्येक यंत्रावर असतो आणि शोध दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत संपतो. मराठीचे तसे नाही. विंडोज १०मध्ये बसवता येणाऱ्या आवाजांत हिंदी आहे, क्रोमच्या संगणकावरील दूरस्थ आवाजांतही हिंदी आहे, पण दोन्हींकडे मराठीची जागा रिकामी राहिली. मराठी आवाज सापडेपर्यंत शोधत राहा, अशी आज्ञा दिलेले पान अशा यंत्रावर कधीच थांबत नाही. त्यात यादीतल्या भाषेच्या खुणेचा घोळ वेगळाच: कोठे नुसते मराठीचे ‘एमआर’, कोठे त्यापुढे जोडरेघ देऊन भारताचे ‘आयएन’, तर काही अँड्रॉइड यंत्रांवर जोडरेघेच्या जागी अधोरेघ. अक्षरशः तुलना करणाऱ्या पानाला हाताशी असलेला मराठी आवाजही मग परका वाटतो.

या निर्णयाचे समर्थक म्हणतात की, यादी नसती तर ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपापले मोजके आवाज लादले असते आणि अंध वापरकर्त्याला सवयीचा आवाज सोडावा लागला असता. मुद्दा खोटा नाही. परंतु यादी मागायला कोणतीही परवानगी लागू नये, ही सवलत मात्र मला आजही अनाठायी वाटते. जाहिरातीची पाने न विचारता बोलू लागली, तेव्हा २०१८च्या अखेरीस क्रोमने ७१व्या आवृत्तीत नियम केला की, वापरकर्त्याने पानावर काही कृती केल्याशिवाय पानाने बोलायचे नाही. बोलण्याला कुलूप लागले; यादीचे दार उघडेच राहिले. ज्या पानांना एक शब्दही बोलायचा नसतो तीही यादी मागतात, कारण कोणत्या यंत्रावर कोणते आवाज आहेत यावरून यंत्राची ओळख पटवायला मदत होते. पान मुके आणि बोलण्याची यंत्रणा मात्र जागी, असा हा प्रकार.

लिनक्सवर ही जाग नजरेला दिसते. तेथे फायरफॉक्स स्वतः बोलत नाही, स्पीच-डिस्पॅचर नावाच्या मध्यस्थाला हाक मारतो. तो नसेल तर सुरू होतो आणि आपल्याबरोबर ईस्पीकसाठीचे वेगळे उपप्रोग्रामही उठवतो. गिऱ्हाईक उरले नाही की थोड्या सेकंदांत निजायचे, असा त्याचा स्वभाव. पण ब्राउझर चालू आहे तोवर जोडणी टिकते, म्हणजे गिऱ्हाईक उठतच नाही. त्यात ध्वनीचा प्रवाह उघडा राहिला, तर शांततासुद्धा वाजवली जाते आणि ध्वनी सांभाळणारा प्रोग्रामही कामाला लागतो. ज्यांना वाचन-सोय नकोच आहे, ते फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगांमध्ये वेब-स्पीचचा, म्हणजे वर सांगितलेल्या मसुद्याचा, संश्लेषण (बोलण्याचा) पर्याय बंद करतात आणि हे सगळे उठणेच थांबते. ज्यांना ती हवी आहे, त्यांच्यासाठी हा उपाय नव्हे.

दुसरी हमाली शब्द रंगवण्याची. वाचला जाणारा शब्द पिवळा करायचा, तर बोलणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक शब्दाला खूण द्यावी लागते. क्रोमचे दूरस्थ आवाज अशी खूण देत नाहीत, म्हणून काही पाने टायमर (ठरावीक वेळाने आज्ञा चालवणारे घड्याळ) लावून अंदाजाने शब्द रंगवतात, आणि लांबलचक पान असेल तर प्रत्येक रंगवणीला त्याची मांडणी नव्याने मोजली जाते. हेच आवाज सुमारे १५ सेकंदांनी मध्येच गप्प होतात, हा जुना दोष टाळायला दर काही सेकंदांनी वाचन थांबवून लगेच पुढे चालू करण्याची शक्कल निघाली. एकेक ठिगळ हलके असते. चार ठिगळे एकत्र आली की पंखा ऐकू येतो.

काकूंच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, तेव्हा ब्राउझरपुढे २५ टक्के दिसत होते. ‘‘पाव भागच तर आहे,’’ काकू म्हणाल्या. आणि येथे टक्केवारीचा घोळ आडवा येतो. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या प्रोसेसरांची मिळून शंभरी धरतो. त्यांच्या यंत्रात ४ तार्किक प्रोसेसर (विंडोज स्वतंत्र मोजतो असे) आहेत, तेव्हा २५ टक्के म्हणजे त्यांतला एक पूर्णपणे खाल्लेला. लिनक्सच्या टॉप या आज्ञेत हेच काम १०० टक्के दिसते, कारण तेथे शंभरी एका प्रोसेसरची असते आणि आकडा ४०० पर्यंत जाऊ शकतो, मॅकवरही तसेच. मदत मागताना लोक नुसता आकडा सांगतात आणि सल्ला देणारा आपल्या यंत्राच्या मापाने तो ऐकतो, त्यामुळे किती गैरसमज झाले असतील ते सांगता येत नाही. विंडोजवर एका टॅबचा वापर शंभराला प्रोसेसरांच्या संख्येने भागल्यावर येणाऱ्या आकड्याजवळ घट्ट चिकटून बसला असेल, तर काहीतरी न थांबता फिरते आहे असे समजायला हरकत नाही.

मग काकूंचे दुसरे वाक्य उपयोगी पडले. मागे गेलेल्या टॅबमधील टायमर सेकंदाला साधारण एकदाच चालू द्यायचे, ही शिस्त ब्राउझरांनी २०११च्या सुमारास लावली आणि क्रोमने २०१७मध्ये ती आणखी कडक केली. दुसरे पान उघडताच पंखा शांत होतो, याचा अर्थ दोषी टायमर त्या पानातच आहे. आवाजाच्या प्रोग्रामशी त्याचा संबंध नाही. पानाचा मजकूर तपासल्यावर तसेच निघाले. दर १० मिलिसेकंदांनी यादी मागायची, आवाज निवडण्याची पेटी पुसून पुन्हा भरायची, मराठी आवाज नसला तर पुन्हा तेच, अशी ती फेरी होती. नसलेल्या मराठी आवाजाच्या शोधात ते पान सेकंदाला शंभर वेळा पेटी भरत बसले होते.

पानातली फेरी आमच्या हातात नव्हती. ‘ऐका’चे बटण सोडून मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये तोच लेख वाचन-दृश्यात उघडला. त्या दृश्यात मूळ पानाच्या आज्ञा चालत नाहीत, म्हणून फेरीही नाही. त्यातील मराठी न्यूरल आवाज, आरोही आणि मनोहर, दूरच्या सर्व्हरवर तयार होतात आणि यंत्राला फक्त आलेला ध्वनी वाजवावा लागतो, त्यामुळे चांगला आवाज येथे उलट हलका ठरतो. त्याची किंमत वेगळी आहे: इंटरनेट हवे आणि वाचायचा मजकूर घराबाहेर जातो. मासिकाच्या लेखाला ते चालते, बँकेच्या कागदाला चालणार नाही, हे काकूंना सांगितले. अलीकडे न्यूरल आवाज यंत्रावरच उतरवून घेण्याची सोय ब्राउझरांत येऊ लागली आहे. तेथे मजकूर घरात राहतो आणि भार पुन्हा आपल्या प्रोसेसरवर येतो.

काकूंची कसोटी मात्र प्रोसेसरची नव्हती. आधी नाइलाजाने त्यांनी हिंदी आवाजाकडून मराठी ऐकून पाहिले होते. तो ‘ज्ञानेश्वर’चे ‘ग्यानेश्वर’ करतो आणि चमच्यातला ‘च’ चहातल्या ‘च’सारखा म्हणतो, इंदुरात चार पिढ्या काढलेल्या मराठी माणसाला हे उच्चार बाजारात रोज ऐकू येतात, पण स्वतःच्या लेखात ते नको असतात. आरोहीचा पहिला परिच्छेद त्यांनी डोळे मिटून ऐकला, ‘ज्ञ’ नीट आला तेव्हा मान हलवली, आणि पंखा बंद आहे हे त्यांच्या लक्षात यायला आणखी पाच मिनिटे गेली.