शहापूरचा राजा, बेळगावचा बादशहा

आज बेळगावातून शहापुरात शिरताना हद्द ओलांडली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. १९४७ च्या उन्हाळ्यात मात्र बेळगाव होतं मुंबई इलाख्यात, ब्रिटिश बादशहाच्या अमलाखाली, आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. ८ मार्च १९४८ ला सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शहापूरचा राजा गेला, पण बेळगावचा राहिलाच! १५ ऑगस्ट १९४७ नंतरही सहावे जॉर्ज भारताचे राजे होते, थेट २६ जानेवारी १९५० पर्यंत. ते ८९५ दिवस आपले आजी-आजोबा घटनात्मक राजेशाहीत राहिले.

मग त्या जानेवारीत बदललं काय? पंतप्रधान आधीही नेहरूच होते, नंतरही तेच. राजेशाही म्हणजे राजाची मर्जी आणि लोकशाही म्हणजे लोकांची, अशी आपली ढोबळ समजूत असते. ती चुकीची आहे. ब्रिटन, डेन्मार्क, जपानमध्येही सरकार लोकच निवडतात. ब्रिटिश संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजसत्तेने शेवटचा नकार दिला तो १७०८ मध्ये, राणी ॲनने. आपले राष्ट्रपतीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले. तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो, एवढंच. १९४७ च्या जपानी संविधानात तर सम्राट हे राष्ट्राचं केवळ प्रतीक आहेत, आणि तेही जनतेच्या इच्छेने.

फरक आहे तो सर्वोच्च खुर्चीत बसणारा माणूस येतो कुठून, यात. पक्षांच्या भांडणापलीकडचा राजा संकटात उपयोगी पडतो, हेही खोटं नाही. १९८१ मध्ये स्पेनमधलं लष्करी बंड फसलं, त्यात राजे हुआन कार्लोस यांच्या ठाम विरोधाचा मोठा वाटा होता. तरीही मला निवडलेली खुर्चीच पटते. राजा चांगला निघाला तर ते देशाचं नशीब. राष्ट्रपती पाच वर्षांसाठी येतात आणि घटनाभंग केला तर संसद त्यांना महाभियोगाने हटवू शकते.

आमच्याकडे २६ जानेवारीला मराठी शाळेच्या फळ्यावर ‘प्रजासत्ताक दिन’ असतो, तर कन्नड शाळेत ‘गणराज्योत्सव’. लोकशाहीला कन्नडमध्ये ‘प्रजाप्रभुत्व’ म्हणतात. प्रजा आणि प्रभू एकाच शब्दात! मला हा शब्द फार आवडतो.

सहाव्या जॉर्जना गादी मिळाली ती १९३६ मध्ये थोरल्या भावाने सोडली म्हणून. बेळगावात कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. आज राष्ट्रपती निवडताना कर्नाटकातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १३१ धरतात. आमच्या जिल्ह्याचे आमदार १८, म्हणजे एकूण २,३५८.