बर्गंडीचे व्हाल्वा ड्यूक घराणे

फ्रान्सच्या व्हाल्वा राजवंशाच्या ज्या धाकट्या शाखेने १३६३ ते १४७७ या काळात पूर्व फ्रान्समधील बर्गंडी आणि उत्तर समुद्राकाठचा सखल प्रदेश, म्हणजे साधारणपणे आजचे बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सचा उत्तर भाग, आपल्या सत्तेखाली आणला, तिला बर्गंडीचे व्हाल्वा ड्यूक घराणे म्हणतात. फिलिप द बोल्ड (१३६३–१४०४), जॉन द फिअरलेस (१४०४–१४१९), फिलिप द गुड (१४१९–१४६७) आणि चार्ल्स द बोल्ड (१४६७–१४७७) असे चार ड्यूक या घराण्यात होऊन गेले. पहिल्या आणि चौथ्या ड्यूकला इंग्रजीत एकच विशेषण लावतात, पण फ्रेंचमध्ये ती दोन आहेत. फिलिप धाडसी होता, तर चार्ल्सच्या विशेषणात धाडसाबरोबर अविचाराचीही छटा आहे.

या सत्तेला स्वतःचे असे एक नाव कधीच नव्हते. बर्गंडीची डची (म्हणजे ड्यूकच्या अमलाखालचा मुलूख), फ्लँडर्सचा बराचसा भाग आणि आर्त्वा यांसाठी ड्यूक फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता, तर फ्राँश-काँते, ब्रॅबंट, हॉलंड, झीलंड हे मुलूख पवित्र रोमन साम्राज्यात मोडत असल्याने त्यांच्यासाठी तो सम्राटाचा मांडलिक ठरे. दरबारच्या कागदपत्रांत या मुलुखांचा उल्लेख ‘इकडचे मुलूख’ आणि ‘तिकडचे मुलूख’ असा येतो, आणि मुळात ड्यूक ज्या बाजूला असेल ती बाजू ‘इकडची’ मानली जाई. दोन्हींच्या मध्ये लॉरेनसारखे परके प्रदेश होते. अनेक राजांहून श्रीमंत असलेल्या या ड्यूकांच्या डोक्यावर राजमुकुट नव्हता, आणि ही उणीव घराण्याच्या अखेरच्या दिवसांत निर्णायक ठरली.

घराण्याचा आरंभ एका पराभवातून झाला. १९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जॉन इंग्रजांच्या हाती सापडला. त्याचा १४ वर्षांचा सर्वांत धाकटा मुलगा फिलिप शेवटपर्यंत त्याच्या शेजारी उभा होता आणि कधी उजवीकडून, कधी डावीकडून येणाऱ्या वारांबद्दल वडिलांना ओरडून सावध करत होता, अशी कथा सांगितली जाते. बापाबरोबर तोही कैदेत गेला. पुढे १३६१ मध्ये बर्गंडीच्या जुन्या कापे घराण्याचा शेवटचा तरुण ड्यूक फिलिप द रूव्र प्लेगने निपुत्रिक वारला, तेव्हा ती डची राजाकडे आली आणि जॉनने १३६३ मध्ये ती या धाकट्या मुलाला दिली. १३६४ मध्ये गादीवर आलेल्या पाचव्या चार्ल्सने भावाची ही देणगी कायम केली.

घराण्याचे भाग्य मात्र बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांपेक्षा एका विवाहाने उघडले. फ्लँडर्सच्या काउंटची एकुलती वारसदार मार्गरेट ही मृत ड्यूकची बालविधवा होती. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला तिचा विवाह आपल्या मुलाशी लावून द्यायचा होता, परंतु जवळच्या नात्यामुळे लागणारी परवानगी पोपने नाकारली. फ्रान्सच्या राजाने लील, दुए आणि ओर्शी ही शहरे फ्लँडर्सला परत देऊन काउंटचे मन वळवले आणि १९ जून १३६९ रोजी घेंट येथे फिलिप व मार्गरेट यांचा विवाह झाला. १३८४ च्या जानेवारीत काउंट वारला, तेव्हा फ्लँडर्स, आर्त्वा, फ्राँश-काँते, नव्हेर आणि रतेल हे सारे मुलूख या जोडप्याकडे आले.

फ्लँडर्स ही त्या काळच्या उत्तर युरोपातील सर्वांत धनाढ्य भूमी होती. इंग्लंडहून आलेली लोकर घेंट आणि ईप्र येथील विणकर, पिंजारी व रंगारी यांच्या हातांखालून जाऊन उंची कापड बनत असे, आणि ब्रुज येथे इटालियन पेढीवाले, हान्सा या जर्मन व्यापारी शहरसंघाचे व्यापारी व पोर्तुगीज दलाल यांचे व्यवहार चालत. या शहरांना आपल्या हक्कांच्या सनदांचा जबर अभिमान होता, आणि त्यांच्या व्यवसायसंघांकडे शस्त्रेही होती. घेंटचे बंड १३७९ पासून धुमसत होते. १३८२ मध्ये रोझेबेकेच्या लढाईत फ्रेंच सैन्याने त्याचा नेता फिलिप व्हान आर्तेवेल्डे याला ठार केले, तरीही शहर नमले नाही. शेवटी १३८५ मध्ये तूर्ने येथे फिलिपने जुने हक्क कायम ठेवून व माफी देऊन तह केला. चारही ड्यूकांत राजकारणाची खरी जाण याच फिलिपला होती, असे या तहावरून म्हणावेसे वाटते. फ्रान्सचा सहावा चार्ल्स अल्पवयीन असताना आणि १३९२ नंतर वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला असताना या चुलत्याने राजाच्या तिजोरीचाही सढळ उपयोग करून घेतला.

बर्गंडीतील दीजाँ शहराजवळ शाँमोल येथे त्याने १३८३ मध्ये कार्थुझियन या ख्रिस्ती साधुपंथाचा मठ स्थापला आणि तेथे आपल्या घराण्याचे समाधिस्थान योजले. त्याच्या समाधीचे काम क्लाउस स्लूटर आणि त्याचा पुतण्या क्लाउस द वेर्व्ह यांनी १४१० पर्यंत पुरे केले. संगमरवरी शिळेवर ड्यूकची पूर्णाकृती पहुडलेली आहे, पण पाहणाऱ्याची नजर खिळते ती शिळेखालच्या नक्षीदार कमानींतून चाललेल्या शोकयात्रेवर. जेमतेम हातभर उंचीच्या सुमारे ४० अलाबास्टरच्या या मूर्तींपैकी एकाने टोपडे इतके पुढे ओढले आहे की चेहरा मुळीच दिसत नाही, एकजण पोथीत डोके घालून आहे, एकजण बोटांनी नाक चिमटीत धरून उभा आहे. जाड लोकरी कापडाच्या चुण्या दगडात इतक्या जड पडल्या आहेत की दुःखाचे ओझे त्या वस्त्रांतूनच जाणवते. मठ फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झाला. समाधी आता दीजाँच्या जुन्या ड्यूकवाड्यातील संग्रहालयात आहे.

दुसरा ड्यूक जॉन याने १३९६ मध्ये निकोपोलिसच्या धर्मयुद्धात उस्मानी सुलतान बायझीदकडून कैद पत्करली आणि प्रचंड खंडणी भरून सुटका करून घेतली. त्याचा स्वभाव बापाहून उग्र होता. राजाचा भाऊ लुई द ऑर्लेआं आणि तो यांच्यात राज्याच्या तिजोरीवरील ताब्यासाठी वैर होते. लुईने गाठाळ सोटा हे चिन्ह घेतले, तेव्हा जॉनने सुताराचा रंधा हे चिन्ह घेतले. २३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यावर जॉनच्या मारेकऱ्यांनी लुईचा खून केला. जॉन अंत्यविधीला हजर राहिला, नंतर चुलत्यासमोर त्याने गुन्हा कबूल केला, आणि पुढच्या वर्षी एका धर्मपंडिताकरवी ‘जुलमी माणसाचा वध हे पाप नव्हे’ असे जाहीर समर्थनही करवले. यातून पेटलेल्या यादवीने फ्रान्स पोखरून निघाला आणि १४१५ मध्ये इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला अझँकूरचा विजय सोपा झाला. १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंत्रोच्या पुलावर युवराजाशी बोलणी चालू असताना त्याच्या माणसांनी जॉनला कुऱ्हाडीने ठार केले. शंभर वर्षांनी शाँमोलच्या एका साधूने राजा पहिला फ्रान्सिस याला जॉनची फुटलेली कवटी दाखवून, याच भोकातून इंग्रज फ्रान्समध्ये शिरले, असे सांगितल्याची आख्यायिका आहे.

तिसरा ड्यूक फिलिप द गुड याने वडिलांच्या खुनानंतर काळा पोशाख धरला आणि तो पुढे बर्गंडीच्या दरबाराची ओळखच बनला. त्याने इंग्रजांशी हातमिळवणी केली. १४२० च्या त्र्वाच्या तहाने फ्रान्सचा वारसा हेन्रीकडे गेला, आणि १४३० मध्ये कोंपियेन येथे फिलिपच्याच माणसांनी पकडलेल्या जोन ऑफ आर्कला पैसे घेऊन इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले. १४३५ मध्ये आरासच्या तहाने त्याने फ्रान्सच्या राजाशी सलोखा केला, सोम नदीकाठची शहरे मिळवली आणि हयातभर राजाला मुजरा करण्यातून सूट घेतली. त्याच सुमारास त्याचा राज्यविस्तारही झपाट्याने झाला. नामूर त्याने विकत घेतले, ब्रॅबंट व लिंबर्ग १४३० मध्ये वारसाहक्काने आले, एनो, हॉलंड व झीलंड १४३३ मध्ये त्याच्या चुलतबहिणीकडून, जॅकलीनकडून, दीर्घ झगड्यानंतर काढून घेतले आणि लक्झेंबर्ग १४४३ मध्ये रात्रीच्या हल्ल्यात जिंकले. जॅकलीनने आपले प्रांत राखण्यासाठी केलेली धडपड या घराण्याच्या इतिहासात सहसा तळटिपेत जाते, पण तिच्यावर झालेला अन्याय उघड आहे.

इतक्या वेगवेगळ्या प्रांतांना एका दोरीत ओवण्यासाठी त्याने युद्धापेक्षा दप्तराचा आधार घेतला. लील, ब्रसेल्स आणि दीजाँ येथील हिशेब-कचेऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचा जमाखर्च तपासत. सखल प्रदेशातील मुख्य प्रांतांत एकाच वजनाचे चांदीचे नाणे चालू झाले, आणि १४६४ मध्ये ब्रुज येथे सर्व प्रांतांच्या प्रतिनिधींची पहिली एकत्रित सभा, म्हणजे स्टेट्स-जनरल, भरली. पुढे वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डचांच्या प्रजासत्ताकात हीच संस्था सर्वोच्च ठरली आणि नेदरलँड्सच्या संसदेला आजही तेच नाव आहे. चॅन्सलर निकोला रोलँ याने सुमारे ४० वर्षे हा कारभार वाहिला. १४४३ मध्ये त्याने व त्याच्या पत्नीने बोन येथे गरिबांसाठी स्थापलेले रुग्णालय त्याच्या रंगीत कौलांसह अजून उभे आहे.

सरदारांना जोडून ठेवण्यासाठी फिलिपने जानेवारी १४३० मध्ये, पोर्तुगालच्या इझाबेलाशी झालेल्या विवाहाच्या सोहळ्यात, ‘गोल्डन फ्लीस’ म्हणजे सोनेरी लोकरीचा सरदारसंघ स्थापला. त्याच्या कंठ्यात चकमकीचे पोलाद आणि गारगोट्या यांची साखळी असून खाली मेंढ्याचे सोनेरी कातडे लोंबते. याच विवाहाच्या बोलणीसाठी गेलेल्या वकिलांबरोबर चित्रकार यान व्हान आइक यालाही पोर्तुगालला पाठवले होते, वधूचे चित्र काढून आणण्यासाठी. तैलरंगांचे पातळ थर एकावर एक चढवून मखमलीची मऊ लव, पितळी दिव्यावरचा उजेड आणि म्हाताऱ्याच्या कानशिलावरची शीर दाखवणारी जी फ्लेमिश चित्रकला जगाने पुढे वाखाणली, ती या दरबाराच्या व शहरांच्या पैशावर पोसली गेली. ड्यूकच्या ग्रंथालयात त्याच्या मृत्यूसमयी सुमारे ९०० हस्तलिखिते होती. १४५४ मध्ये लील येथे झालेल्या मेजवानीत सरदारांनी जिवंत फेझंट पक्ष्याच्या साक्षीने कॉन्स्टँटिनोपल परत घेण्याची शपथ वाहिली, पण ती मोहीम काही निघाली नाही.

या वैभवाची किंमत कोणी चुकवली, हेही येथे नोंदवले पाहिजे. १४४७ मध्ये फिलिपने मिठावर कायमचा कर मागितला आणि घेंटने तो नाकारला. वाद चिघळून युद्ध झाले. २३ जुलै १४५३ रोजी गाव्हेरे येथे नागरिकांच्या सैन्यातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला आणि हजारो विणकर, कारागीर कापले गेले किंवा स्खेल्ट नदीत बुडाले. उरलेल्या नगरप्रमुखांना नुसत्या सदऱ्यानिशी, अनवाणी, गुडघे टेकून क्षमा मागावी लागली. ‘सज्जन’ हे विशेषण त्या शहराने दिलेले नाही.

चार्ल्सच्या हाती आले ते असे श्रीमंत पण सैल बांधलेले राज्य. तो कष्टाळू होता, न्यायदानाला स्वतः बसे, आणि त्याला ही सैल बांधणी सहन होत नव्हती. १४६८ मध्ये बंडखोर लिएज शहर त्याने जाळून टाकले, १४७१ पासून खडी फौज उभारली, १४७३ मध्ये गेल्डर्स जिंकले आणि त्याच वर्षी मेखेलेन येथे सर्वोच्च न्यायालय स्थापले. त्या शरद ऋतूत ट्रियर येथे सम्राट तिसरा फ्रेडरिक त्याला राजमुकुट देणार अशी बोलणी पक्की होत आली होती, परंतु नोव्हेंबरच्या एका पहाटे सम्राट निरोप न घेता होडीतून निघून गेला. त्यानंतर चार्ल्सचे एकेक पाऊल चुकत गेले. नॉइसच्या वेढ्यात त्याने जवळजवळ वर्ष घालवले. त्याच्या अल्सेसमधील कारभाऱ्याच्या जाचामुळे स्विस संघ, अल्सेसची शहरे आणि लॉरेनचा ड्यूक रने एकत्र आले, आणि फ्रान्सचा अकरावा लुई त्यांना पैसा पुरवत राहिला. १४७६ मध्ये ग्रांसाँ येथे शरण आलेल्या शिबंदीला चार्ल्सने फासावर चढवले. स्विस भालाईतांनी त्याचा सूड घेतला: २ मार्चला ग्रांसाँ येथे त्याच्या तोफा आणि खजिना गेला, २२ जूनला मुर्तेन येथे सैन्य गेले, आणि ५ जानेवारी १४७७ रोजी नान्सीबाहेरच्या बर्फात तो स्वतः पडला. दोन दिवसांनी गोठलेल्या तळ्याच्या काठी, लांडग्यांनी कुरतडलेले एक उघडे प्रेत सापडले. त्याच्या पोर्तुगीज वैद्याने ते जुन्या जखमांच्या खुणा, पडलेले दात आणि वाढवलेली नखे यांवरून ओळखले.

त्याची एकुलती मुलगी मेरी त्या वेळी २० वर्षांचीही नव्हती. लुईने तत्काळ बर्गंडीची डची व्यापली. सखल प्रदेशातील प्रांतांनी ११ फेब्रुवारी १४७७ रोजी तिच्याकडून ‘महासनद’ लिहून घेऊन वडिलांनी हिरावलेले हक्क परत मिळवले, आणि घेंटने तिच्या वडिलांच्या दोन मंत्र्यांचा, तिने विनवण्या करूनही, शिरच्छेद केला. ऑगस्टमध्ये तिने सम्राटाचा मुलगा माक्सिमिलियन हाब्सबुर्ग याच्याशी विवाह केला. १४८२ च्या मार्चमध्ये शिकारीत घोड्यावरून पडल्याने तिचा अंत झाला. या विवाहामुळे फ्रान्स आणि हाब्सबुर्ग यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर उभे राहिले. तिचा नातू सम्राट पाचवा चार्ल्स आणि पणतू स्पेनचा दुसरा फिलिप. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी या दुसऱ्या फिलिपकडे आल्यावर गोवाही त्याच्या राज्यात आला, त्यामुळे सोनेरी लोकरीचा कंठा घालणाऱ्या बर्गंडीच्या वारसाची सत्ता काही दशके मांडवीच्या काठापर्यंत पोहोचली होती.

पणजोबाचे दीजाँ परत मिळवण्याची इच्छा पाचव्या चार्ल्सने दीर्घकाळ बाळगली. १५२६ मध्ये कैदेतल्या पहिल्या फ्रान्सिसकडून त्याने बर्गंडीवरचे उदक सोडवून घेतले, पण सुटताच फ्रान्सिसने शब्द फिरवला, आणि १५२९ च्या कांब्रेच्या तहात सम्राटाला तो आग्रह सोडावा लागला. चार्ल्स द बोल्डचे अवशेष त्याने नान्सीहून हलवून ब्रुजला आणले, आणि तेथील अवर लेडी चर्चमध्ये बाप-लेकीच्या समाध्या आज शेजारी शेजारी आहेत.